वाचकांचे प्रश्न : ‘सेट’ला प्रतिशब्द किती?

प्रश्न : आमची द्राक्षबाग पिंपळगाव बसवंतजवळ आहे. मुलगी अकरावीला आहे, नाशिकला इंग्रजीच्या क्लासला जाते. तिथे तिला ‘सेट’च्या प्रतिशब्दांची पानभर यादी दिली आहे : पुट, प्लेस, फिक्स, एस्टॅब्लिश, हार्डन, ग्रुप, असे बरेच. यादी तोंडपाठ आहे, पण वाक्य केलं की चुकतं. यादीच चुकीची आहे का? आणि बागेत आम्ही ‘मणी सेटिंग’ म्हणतो, तो हाच शब्द का?
— एक बागायतदार, निफाड तालुका

उत्तर : शब्द तोच आहे, भाऊ. आणि तुमच्या मुलीला तो यादीपेक्षा तुमच्या बागेत लवकर कळेल.

यादीतला एकेक शब्द खरा आहे, पण प्रत्येकाची हद्द वेगळी. ती हद्द न सांगता नुसती यादी पाठ करून घेणं हा मुलांवर अन्याय आहे. मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, म्हणून हे तळमळीनं लिहिते. ‘सेट द अलार्म’ म्हणजे गजर लावणे. यादी बघून तिथे ‘फिक्स’ घातलं की अर्थ होतो, बिघडलेला गजर दुरुस्त केला. ‘सेट द टेबल’ म्हणजे टेबलावर जेवणाची मांडामांड करणे. तिथे ‘प्लेस’ घातलं, तर टेबलच उचलून कुठेतरी ठेवल्यासारखं होतं. शिक्षक पेपर ‘सेट’ करतात, म्हणजे काढतात. तिथे ‘पुट’ चालत नाही.

‘हार्डन’ तर फार फसवा. बांधकामात सिमेंट ‘सेट’ होणं आणि ‘हार्डन’ होणं या दोन निराळ्या अवस्था आहेत. साध्या पोर्टलँड सिमेंटचं सेटिंग ३० मिनिटांच्या आत सुरू होता कामा नये आणि ६०० मिनिटांत पुरं झालं पाहिजे, असं भारतीय मानक सांगतं. तेवढ्या वेळात कालवलेला माल फक्त आपला मऊपणा सोडतो. खरी ताकद त्यानंतर कित्येक दिवस चढत राहते. म्हणून तर स्लॅबवर पाणी मारत राहावं लागतं आणि काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी मोजतात. यादीत शेजारी बसलेले हे दोन शब्द गवंड्याच्या हातात इतके लांब असतात.

एकूण अर्थ किती, हेही सांगते. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यांत मोठी नोंद ‘सेट’चीच होती, ४३० अर्थांची. पुढे सुधारित नोंदींमध्ये ‘रन’नं त्याला मागे टाकलं. हे अर्थ इंग्रजी घरात वाढलेलं मूलसुद्धा पाठ करत नाही. काय सेट होतंय, हे ते बघतं. तुमच्या मुलीनंही तेच बघावं आणि त्या वस्तूबद्दल आपण घरात काय म्हणतो ते शेजारी लिहावं. सराफ बाजारात अंगठीत खडा बसवतात. निखळलेलं हाड बसवतात. छापखान्यात पूर्वी अक्षरांचे खिळे जुळवायचे. गाण्याला चाल लावतात, उंदरासाठी सापळा लावतात, लग्नाची तारीख ठरवतात. दही लागतं, सूर्य मावळतो. इंग्रजीत या सगळ्यांना ‘सेट’ चालतो. आपल्याकडे ‘बसवणे’ आणि ‘लावणे’ ही दोनच क्रियापदं यातला केवढा भार उचलतात ते बघा!

‘बसवणे’ इतकं चपखल बसतं, त्याला कारण आहे. क्रियापद ‘सेट’ हे मुळात ‘सिट’चंच प्रयोजक रूप. ‘सिट’ म्हणजे बसणे, ‘सेट’ म्हणजे बसवणे. इंग्रजीत अशा जोड्या थोड्याच उरल्या आहेत. ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि त्यावरून ‘फेल’ म्हणजे झाड पाडणे, ही त्यातलीच एक (नापास होण्याचा ‘फेल’ वेगळा). आपल्याकडे हा कारखाना अजून चालू आहे : पडणे-पाडणे, बसणे-बसवणे, मरणे-मारणे. शिवाय ‘सिट’ आणि संस्कृतातला ‘सद्’ धातू एकाच कुळातले आहेत. सदन, संसद, सभासद हे शब्द त्या ‘सद्’वरून आले. हे मी वर्गात सांगायचे तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही मान वर करायची.

आता तुमची बाग. गोड छाटणीनंतर, म्हणजे फळांसाठीच्या छाटणीनंतर, फुलोरा येतो, परागीभवन होतं, आणि फुलातला अंडाशय मणी म्हणून वाढू लागतो. जी फुलं या टप्प्यावर टिकत नाहीत ती गळतात. फुलाचा असा मणी धरण्यालाच इंग्रजीत ‘फ्रूट सेट’ म्हणतात. कृषीच्या पुस्तकात ‘फलधारणा’ छापतात आणि आपण घरी म्हणतो, फळ धरलं. थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या द्राक्षातही फलन होतं, फक्त बी कोवळेपणीच वाढायचं थांबतं आणि मणी मात्र धरतो. इथे कुणी काही बसवत नाही. वेल आपणहून धरते. म्हणूनच यादीतला एकही शब्द या जागी चालणार नाही. फुलोऱ्यात पाऊस झाला की घड कसे विरळ राहतात, हे तिनं लहानपणापासून पाहिलं असेल. इंग्रजी पुस्तकात ‘पुअर फ्रूट सेट’ असे शब्द आले, तर शहरातल्या मुलांआधी त्यांचा अर्थ तिला दिसेल. तिला हे आवर्जून सांगा.

प्रश्न : ‘सेट इन’, ‘सेट अबाउट’, ‘सेट बॅक’ मला लक्षातच राहत नाहीत. काही युक्ती?
— स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, नाशिकरोड

उत्तर : मराठी वाक्य आधी धर, बाळ. ‘सेट अबाउट’ म्हणजे कामाला लागणे. ‘सेट इन’ अशा गोष्टींसाठी, ज्या न बोलावता येतात आणि मुक्काम करतात. पाऊस लागतो, थंडी पडते, लाकडाला कूज लागते. पाहुणा आला तर त्याला ‘सेट इन’ म्हणू नकोस, तो कितीही दिवस राहिला तरी. ‘सेट बॅक’चा एक अर्थ मागे पाडणे, कामाची गती खुंटवणे. दुसरा पैशांचा, ‘हा मोबाइल मला पंधरा हजारांना पडला’ यातल्या ‘पडला’सारखा. त्यात रक्कम भारी पडल्याची छटा असते, म्हणून चहाच्या कपाला तो वापरू नये. रोज एकच प्रयोग घे आणि त्यावर तुझ्या घरातलं खरं वाक्य लिही.

प्रश्न : नववीच्या गणितात पहिलाच धडा ‘संच’ आहे. इंग्रजीत त्याला ‘सेट’ म्हणतात. तोही बसण्यावरूनच आला का?
— एक विद्यार्थी, सिडको

उत्तर : छान प्रश्न! नाही, याचं मूळ वेगळं आहे. समूह या अर्थाचं नाम ‘सेट’ जुन्या फ्रेंचमधून आलं. त्याच्या मागे लॅटिन ‘सेक्टा’ आहे, म्हणजे अनुयायांचा पंथ. पंथाला इंग्रजीत ‘सेक्ट’ म्हणतात, तोही तिथलाच. पुढे उच्चार सारखा झाल्यामुळे हे नाम आणि क्रियापद ‘सेट’ एकमेकांत मिसळून गेले. आपला ‘संच’ संस्कृतातल्या ‘सम्’ आणि ‘चि’, म्हणजे गोळा करणे, यांवरून येतो. ‘संचय’ त्याचा सख्खा भाऊ. कपबश्यांचा सेट आणि गणितातला सेट, दोन्हींना ‘संच’ चालतो. प्राध्यापक व्हायला देतात ती ‘सेट’ परीक्षा मात्र या कशातच येत नाही. ती तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं आहेत.