तापलेला पत्रा आणि अवरक्त किरण

प्रश्न : आमच्या चाळीचा पत्रा मे महिन्यात इतका तापतो की दुपारी वरच्या मजल्यावर बसवत नाही. अवस्था बदलणारे पदार्थ आणि मेटासरफेस (अतिसूक्ष्म नक्षी कोरलेला पृष्ठभाग) वापरून अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या, किरणांचे शोषण हवे तसे बदलता येते, असे वाचले. हे पदार्थ म्हणजे उष्णता साठवणारे मेणच का? त्यांचा लेप पत्र्यावर चालेल का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : मेण नव्हे, नावातील साम्यामुळे हा घोटाळा होतो. मेण वितळताना उष्णता पोटात घेते. इथे काम संपल्यावर पदार्थ घनच असतो, मात्र त्यातील अणूंची मांडणी बदललेली असते आणि तिच्यासोबत प्रकाशाशी वागण्याची रीतही. व्हॅनेडियम डायऑक्साइड सुमारे ६८ अंश सेल्सिअसला धातूसारखा वागू लागतो आणि निवला की पूर्ववत होतो. हे शास्त्रज्ञ मॉरिन यांनी १९५९ मध्ये दाखवले. पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडीतले जर्मेनियम, अँटिमनी व टेल्युरियम यांचे संयुग मात्र एकदा स्फटिकी झाले की तसेच राहते. त्याला परत आणायचे तर क्षणभर वितळवून झटकन थंड करावे लागते.

आता मेटासरफेस. तळाला धातूचा अखंड थर, त्यावर पातळ मधला थर आणि वर तरंगलांबीहूनही लहान अशा धातूच्या चकत्या. चकत्या आणि तळ यांच्यामध्ये ठरावीक तरंगलांबीचे किरण अडकून जिरतात. कोणती तरंगलांबी, हे चकतीच्या मापावर ठरते, पण एकदा कोरलेले माप बदलता येत नाही. म्हणून मधला थरच डीव्हीडीतल्या त्या संयुगाचा केला, तर ते स्फटिकी होताच त्याचा अपवर्तनांक (त्यात प्रकाश किती मंदावतो याचे माप) वाढतो आणि शोषणाचे शिखर मोठ्या तरंगलांबीकडे सरकते. सारी खुबी इथे आहे.

राहिला पत्रा. जो पृष्ठभाग ज्या तरंगलांबीला चांगला शोषतो, तो तिथेच चांगला उत्सर्जितही करतो, हा भौतिकशास्त्रज्ञ किर्खोफ यांचा नियम. त्यामुळे व्हॅनेडियम डायऑक्साइडचा योग्य रचलेला लेप थंडीत उष्णता धरून ठेवतो आणि उन्हाळ्यात तापला की ८ ते १३ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यातून, जो कोरडी हवा फारसा अडवत नाही, ती आकाशाकडे सोडतो. टंगस्टन मिसळून ६८ अंशांचा उंबरठा खालीही आणता येतो. पण मुंबईत उष्णता धरून ठेवावी अशी थंडी पडते कुठे? शिवाय इथल्या दमट हवेतील बाष्प तो पट्टा बराचसा झाकते. नवा चकचकीत पत्रा अवरक्त किरण फारच थोडे सोडतो, म्हणून इतका तापतो. साधा पांढरा रंग ऊन परतवतो आणि उष्णताही सहज सोडतो. पावसाळ्यापूर्वी तोच लावून घ्यावा.