मॉडेल रेल्वेच्या एन स्केल या लहान मापातल्या छोट्या लेआउटवर डबे सोडवायला कोणती पद्धत घ्यावी?

तुमची फळी ४ फूट बाय दीड फूट, तीन सायडिंग (डबे उभे करायचे बाजूचे रूळ), आणि लेआउट वन-बीएचकेतल्या भिंतीला टेकलेला. चुंबक, इलेक्ट्रोमॅग्नेट की हात, असं विचारलंय. एवढ्याशा फळीवर हात पोचतो तिथे काडी, पोचत नाही तिथे एखादा कायमचा चुंबक. इलेक्ट्रोमॅग्नेटसाठी फळीला मोठं भोक पाडावं लागतं, आणि बटण जरा जास्त वेळ दाबलं गेलं की कॉइल तापते.

आधी कपलर, म्हणजे दोन डबे एकमेकांना जोडणारा भाग, ठरवा; पद्धत त्यावरूनच ठरते. जुन्या रॅपिडो कपलरचा आकडा वर उचलावा लागतो. त्यासाठी रुळांमध्ये रॅम्प (उतरती पट्टी) बसवता येतो, पण सोडवलेली वाघीण पुन्हा ढकलायला गेलात की ती परत जोडली जाते. शंटिंग (डबे जोडत-सोडवत हलवणं) करायचं असेल तर मायक्रो-ट्रेन्स कंपनीसारखे नकल कपलर (वाकवलेल्या बोटांसारखे एकमेकांत अडकणारे) घ्या. सगळे डबे एकदम बदलायचे नसतील तर एकाच डब्याला एका टोकाला जुना आणि दुसऱ्या टोकाला नवा कपलर लावून काम भागतं. लोकलचा रेक मात्र यातून वगळा. तो सोडवायचाच नसतो, तिथे आतून साधा दांडा लावा.

काडी म्हणजे पनीर टिक्क्याची बांबूची काडी. टोक घासून चपटं करा, दोन नकलच्या मध्ये वरून घाला आणि पाव फेरा फिरवा. कपलिंग ताणलेलं असेल तर ते सुटत नाही आणि जोर लावला की डबा घसरतो. म्हणून आधी इंजिन किंचित मागे घेऊन ढील द्या. मुंबईतल्या वाडीबंदरसारखं यार्ड करून वर ओव्हरहेड वायर लावणार असाल तर काडी तारांत अडकेल. तिथे चुंबकच हवा.

चुंबकाची खरी गंमत अशी: कपलर चुंबकावर थांबवून ढील दिली की कपलरखाली लोंबणाऱ्या धातूच्या पिना दोन बाजूंना ओढल्या जातात आणि नकल उघडतात. इंजिन थोडं पुढे घ्या, मग परत मागे ढकला. आता वाघीण न जोडता पुढे सरकते आणि हवी तिथे सोडता येते. तयार चुंबक महाग वाटला तर ३ मिमी व्यासाचे निओडिमियम चुंबक स्लीपरांच्या मधे, दोन्ही रुळांच्या आतल्या कडेला रांगेत बसवा. एका रांगेचा उत्तर ध्रुव वर, दुसरीचा दक्षिण. ध्रुवावर मार्करने खूण करा आणि आधी टेपने चिकटवून चाचणी घ्या. फेविक्विक लावल्यावर उलटा बसलेला चुंबक निघत नाही.

जागा सरळ रुळावर, दोन्ही बाजूंना किमान एक डब्याची लांबी सोडून. वळणावर पिना आधीच एका बाजूला झुकलेल्या असतात. मेन लाइनवर कायमचा चुंबक लावूच नका, गाडी मंदावून ढील आली की मधूनच तुटते. डब्यांचे आस पोलादी असतील तर वाघीण आपोआप चुंबकाकडे सरकते. प्लॅस्टिकची चाके किंवा पितळी आस घाला.

निम्म्या तक्रारी पिनेच्या उंचीच्या असतात. रुळावर व्हिजिटिंग कार्ड ठेवा, पिन त्याला जेमतेम न घासता जायला हवी. खाली असेल तर पॉइंटवर (गाडी रूळ बदलते तिथे) अडकते, वर असेल तर चुंबक ओढत नाही. पिन वाकवताना कपलर चिमट्याने धरा, नाहीतर प्लॅस्टिकचा खोका फुटतो.

कपलरला तेल नको, त्यावर धूळ चिकटून नकल जाम होतो. कोरडी ग्रॅफाइट पूड पुरे. मुंबईच्या दमट हवेत पिनांना गंज चढतो, त्यामुळे पावसाळ्यानंतर प्रत्येक नकल बोटाने हलवून बघा, सोडल्यावर तो आपसूक मध्यावर यायला हवा.