लिनक्सवाले गेमसाठी पैसे देतात का? त्यांच्यासाठी वेगळी आवृत्ती काढावी का?

तुम्ही दोघं इंदुरात गोडॉट या गेम बनवायच्या मोफत सॉफ्टवेअरवर गेम करताय, स्टीम या ऑनलाइन गेमदुकानात 499 रुपयांना विकणार आहात, आणि ‘लिनक्सवाल्यांना सगळं फुकटच हवं असतं’ हे ऐकून अडलात. (लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी संगणक प्रणाली.) पैशाच्या भीतीने अडू नका. मे 2010 मध्ये पहिलं हम्बल इंडी बंडल, म्हणजे छोट्या निर्मात्यांच्या गेमचा एकत्र संच, ‘वाटेल ती किंमत द्या’ या बोलीवर विकलं गेलं. तेव्हा लिनक्सवाल्यांनी सरासरी 14 डॉलर मोजले, मॅकवाल्यांनी 10 आणि विंडोजवाल्यांनी 8 च्या आसपास.

खरा प्रश्न संख्येचा आहे. स्टीमवर लिनक्सचा वाटा 2025 च्या अखेरीस 3 टक्क्यांच्या थोडाच वर होता. त्या हिशेबाने 1000 प्रतींत 30 लिनक्सच्या. स्टीमचं 30 टक्के कमिशन गेल्यावर करापूर्वी साधारण साडेदहा हजार हाती येतात. म्हणून महिनाभर खपू नका, तीन-चार दिवसांत होईल तेवढंच करा.

आधी विंडोजचीच आवृत्ती प्रोटॉनवर, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या स्टीमच्या साधनावर, चालवून बघा. गोडॉटचा गेम बहुधा तसाच चालतो. त्यासाठी एएमडी ग्राफिक्सचा जुना लॅपटॉप पुरे. आरएनटी मार्गावरच्या दुकानांत चौकशी करा. स्टीम डेक या लिनक्सवर चालणाऱ्या हातातल्या गेमयंत्राचा पडदा 1280×800 चा आहे, त्यावर अक्षराची उंची 9 पिक्सेलच्या खाली जाऊ देऊ नका. प्रोटॉनवर खेळणाऱ्याची खरेदीही स्टीम लिनक्सच्याच खात्यात धरतं.

मग खास लिनक्ससाठी बांधलेली आवृत्ती. गोडॉटचे अधिकृत एक्सपोर्ट टेम्प्लेट (गेम ज्यात भरून बाहेर काढतात ते तयार साचे) ग्लिबसी या लिनक्सच्या पायाभूत लायब्ररीच्या जुन्या आवृत्तीवर बांधलेले असतात, तिथे त्रास नाही. गाडं अडतं ते स्वतः कम्पाइल केलेल्या सी++ प्लगइनपाशी, म्हणजे गेमला जोडलेल्या जादा कोडपाशी. उबुंटू, डेबियन ही लिनक्सचीच रूपं. नव्या उबुंटूवर बांधलंत, की जुन्या डेबियनवर ‘ग्लिबसीची आवृत्ती सापडली नाही’ म्हणून गेम उघडतच नाही. ते प्लगइन स्टीमच्या स्निपर रनटाइमच्या कंटेनरमध्ये, म्हणजे स्टीमने ठरवून दिलेल्या जुन्या लायब्ररींच्या बंदिस्त वातावरणात, बांधा. फाइलींच्या नावांत कॅपिटल-स्मॉल अक्षरांची गल्लत नको, आणि सेव्ह फाइलसाठी सी ड्राइव्हचा पत्ता कोडमध्ये लिहू नका. इच.आयओ या छोट्या निर्मात्यांच्या गेमसाइटवरही विकणार असाल तर विंडोजवर केलेली झिप चढवू नका, फाइलची चालवण्याची परवानगी त्यात हरवते. इच.आयओचंच फाइली चढवायचं साधन बटलर वापरा, ते ती परवानगी नीट लावतं.

आणि पैशांपलीकडचं सांगतो, ते मला जास्त मोलाचं वाटतं. ‘डेल्टा-व्ही: रिंग्ज ऑफ सॅटर्न’ हा गेमही गोडॉटचाच. त्याच्या निर्मात्याने 2021 मध्ये आकडे मांडले होते: लिनक्सचे ग्राहक 6 टक्क्यांहून कमी, पण चुकांच्या सुमारे 1000 तक्रारींपैकी 400 त्यांच्या. त्यांतल्या फक्त 3 निव्वळ लिनक्सच्या, बाकी चुका सगळ्यांनाच भोवणाऱ्या होत्या. लॉग (गेमने आपोआप लिहिलेली नोंद) जोडून, चूक कशी घडली त्याच्या पायऱ्या लिहून तक्रार करणारा ग्राहक दोघांच्या चमूला दुसरीकडे मिळत नाही. तक्रारी जास्त दिसल्या म्हणून लिनक्स बंद करणारे इथेच चुकतात. गेममध्येच लॉगचा फोल्डर उघडणारं बटण द्या.