वाचकांचे प्रश्न : एकाच हातातले दोन आवाज

प्रश्न : मी अनेक वर्षे हार्मोनियम वाजवतो, आता पियानो शिकत आहे. शोपँ या संगीतकाराच्या १८३३ साली प्रसिद्ध झालेल्या ओपस १० या संग्रहातील तिसऱ्या एत्यूदमध्ये (तंत्राच्या सरावासाठीच्या रचनेत) उजव्या हातातील मुख्य चाल त्याच हाताच्या साथीत बुडते आणि जोर लावला की करंगळी दुखते. काय करावे?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपली अडचण बहुधा हार्मोनियमच्या सवयीतून आली आहे. तेथे आवाज भात्यावर ठरतो, त्यामुळे एकत्र दाबलेले सूर जवळपास सारखेच वाजतात. पियानोवर मात्र प्रत्येक पट्टी किती वेगाने खाली जाते, त्यावर त्या सुराचा जोर ठरतो. म्हणून चाल मोठी करण्यापेक्षा साथ हलकी करावी.

प्रथम केवळ चाल वाजवावी, पण अंतिम वादनात जी बोटे येणार आहेत त्यांनीच, म्हणजे मुख्यतः तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या बोटाने. सोयीच्या बोटांनी केलेला सराव पुढे निरुपयोगी ठरतो. नंतर चाल पूर्ण आवाजात ठेवून आतील, म्हणजे साथीच्या, सुरांच्या पट्ट्यांना अंगठ्याने व तर्जनीने, आवाज न काढता, नुसता स्पर्श करावा. हाताचा भार किंचित करंगळीकडे झुकवावा. सूर जोडताना पट्टी दाबलेली ठेवून बोट बदलावे किंवा चौथे बोट पाचव्यावरून न्यावे. सूर लांबवणारे पायाखालचे पेडल सर्वांत शेवटी वापरावे, कारण तुटलेले सूर ते झाकते आणि चूक कानाला कळत नाही.

दुखू लागताच मात्र त्या दिवशीचा सराव थांबवावा.