जुन्या फॉन्टमधली फाइल सहसा खराब झालेली नसते

आपल्या आजोबांनी १९९८ साली सदाशिव पेठेतल्या घरी संगणकावर टाइप केलेल्या आठवणी आता उघडल्या तर नुसती रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसतात, तेव्हा फाइल खराब झाली आहे का, आणि तिची दोन प्रकरणे युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांसाठीच्या आजच्या सामाईक संकेतात, आणल्यावर त्यांचा आकार जवळजवळ तिप्पट का झाला, असे आपण विचारले आहे. फाइल बहुधा शाबूत आहे. कृपया मूळ फाइलमध्ये काहीही बदल न करता तिची एक प्रत आधी वेगळी काढून ठेवा.

संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो; कोणत्या आकड्याला कोणते अक्षर समजायचे, हा केवळ संकेत असतो. त्या काळच्या फॉन्टमध्ये एका खुणेला एक बाइट, म्हणजे ० ते २५५ एवढेच आकडे उपलब्ध होते, आणि त्यांतले बरेचसे रोमन लिपीसाठी ठरलेले होते. म्हणून फॉन्ट बनवणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या जागी अर्धा प, काना, वेलांटी, रफार असे देवनागरीचे तुकडे बसवले. फाइलमधला आकडा रोमन अक्षराचाच राहिला, मराठी दिसत होते ते फॉन्टमुळे; तो फॉन्ट संगणकावर नसला की मूळ अक्षर उघडे पडते. वास्तविक भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली इस्की हा ब्राह्मीपासून निघालेल्या प्रमुख भारतीय लिप्यांसाठीचा संकेत प्रमाण केला होता आणि पुण्यातल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेच्या जिस्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या तंत्रज्ञानात तो वापरलाही जात होता. तरी अक्षरजुळणीच्या धंद्यात प्रत्येकाची मांडणी निराळीच राहिली, याची मला आजही हळहळ वाटते.

युनिकोडमध्ये देवनागरीला २३०४ ते २४३१ हे आकडे दिलेले आहेत. ‘क’ म्हणजे २३२५. हा आकडा एका बाइटमध्ये मावत नाही, म्हणून यूटीएफ-८ या पद्धतीत तो २२४, १६४, १४९ अशा तीन बाइटांत लिहिला जातो. मोकळी जागा आणि इंग्रजी विरामचिन्हे मात्र एकाच बाइटात राहतात. आपली प्रकरणे फुगली ती यामुळे, आणि त्यात काळजीचे काही नाही.

काळजी घ्यायची ती क्रमाची. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवली जात: ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी, मग क, ‘अर्थ’ लिहिताना थ नंतर रफार. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, म्हणजे आधी क, मग वेलांटी; आधी र आणि हलन्त, मग थ. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला ही अदलाबदल करावी लागते, आणि जोडाक्षरांपाशी तो हमखास अडखळतो.

सर्वांत जपायला हवे ते ‘ऱ्य’ला. अप्पा बळवंत चौकाजवळ मी अक्षरजुळणीचे काम करत असताना एका स्मरणिकेतले ‘आचाऱ्यांना मानधन’ रूपांतरानंतर ‘आचार्यांना मानधन’ असे छापून गेले. स्वयंपाक्यांचे पैसे गुरुजींच्या नावावर गेले आणि त्या पानाची दुरुस्ती आम्हाला वेगळी छापून द्यावी लागली. युनिकोडमध्ये हे अक्षर नुक्त्याचा ऱ (२३५३), हलन्त (२३८१) आणि य (२३५१) असे साठवतात. साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह घालूनही ते लिहिता येते. दोन्ही दिसायला सारखीच, पण आकडे वेगळे, त्यामुळे एका पद्धतीने शोधलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला असला तर सापडेलच असे नाही. संपूर्ण मजकुरात कोणतीही एकच पद्धत ठेवा.

रूपांतराआधी फॉन्टचे नेमके नाव कळायला हवे. प्रत लेखनाच्या प्रोग्राममध्ये उघडून मजकुरावर कर्सर ठेवल्यास, फॉन्ट संगणकावर नसला तरी त्याचे नाव बहुतेक वेळा वरच्या चौकटीत दिसते. ते नाव आणि पहिल्या चार ओळी इथे द्या. त्या मांडणीचा तक्ता माझ्याकडे असेल तर मी स्वतः पडताळून सांगेन.