वाचकांचे प्रश्न : धनुष्य घरात आहे, पण ते करणाऱ्याचं काम बंद झालंय

या वेळेस तिरंदाजीचीच पत्रं जास्त आलीत आणि बहुतेकांची अडचण एकच, धनुष्य चांगलंय पण ज्यानं केलं तो आता करत नाही, मग विचारायचं कुणाला. पहिल्या पत्राला जरा लांबलचक उत्तर देतो, त्यात बाकीच्यांचं बी अर्धं येऊन जातं.

प्रश्न : नमस्कार सर. मी सेलूचा, जि. परभणी. आमचे भाऊजी अमेरिकेत नोकरीला होते, तिकडून येताना त्यांनी एक रिकर्व्ह (टोकं पुढं वळलेलं) धनुष्य आणलं, एका कारागिरानं ऑर्डरवर करून दिलेलं. एकसंध आहे, मूठ लाकडाची, पात्यांवर, म्हणजे वाकणाऱ्या दोन्ही बाजूंवर, काळं फायबरग्लास, आणि पात्यावर हातानं लिहिलंय ६२ इंच, ४५ पाउंड, २८ इंचाला (म्हणजे लांबी ६२ इंच, आणि दोरी २८ इंच ओढली की ४५ पाउंडाचा जोर). त्या माणसानं काम बंद केलंय, मेलला उत्तर येत नाही. भाऊजी म्हणले आता तूच ठेव. पण लई वर्षं ते कोपऱ्यात भिंतीला टेकवून उभं होतं आणि पात्यावर बारीक रेघा बी दिसायल्यात. ओढावं का शोकेसमधे ठेवावं, समजंना झालंय.

उत्तर : दादा, ओढायचं. शोकेसमधे बिलकुल ठेवू नका. असलं धनुष्य कारागीर कुणाच्या तरी हाताच्या मापानं करतो, ते रोज चालावं म्हणूनच करतो, आणि कोपऱ्यात उभं राहून त्याचं नुकसानच होतं. फक्त आज ओढू नका, आधी नीट तपासा. मोठ्या कंपनीचं असतं तर पातं गेल्यावर दुसरं मागवलं असतं, इथं पातं गेलं की धनुष्यच गेलं. तो माणूस ज्या साच्यावर पट्ट्या दाबून चिकटवायचा तो साचा त्याच्याबरोबरच बंद झाला, दुसऱ्या कुणाला तसंच्या तसं करता येत नाही.

आत काय असतं ते कळलं की तपासायचं काय ते आपोआप कळतं. मधे मेपलच्या नाहीतर बांबूच्या पातळ पट्ट्या, दोन्हीकडून फायबरग्लास, आणि सगळं इपॉक्सीनं चिकटवलेलं. ओढताना टार्गेटकडची बाजू ताणली जाते, आपल्याकडची दाबली जाते, आणि हे सगळं सहन करतो तो मधला चिकटवलेला जोड. म्हणून जोड बघायचा.

सकाळच्या उजेडात बसा. बोंडातला ओला-सुका नको, चांगला फुटलेला कापूस घ्या, आपल्याकडं त्याला काय तोटा, आणि त्याचा पुंजका पात्याच्या दोन्ही कडांनी टोकापासून मुठीपर्यंत हळूहळू फिरवा. फायबरग्लास कुठं जरा जरी उचकटलं असलं, एखादं तूस वर आलं असलं, तर कापसाचा तंतू तिथं अडकून राहतो, जी जागा डोळ्याला दिसत नाही ती अशी सापडते. मग एक रुपयाचं नाणं घेऊन पातं टकटक वाजवत जा, आवाज एकसारखा यायला पाहिजे, मधेच बद्द वाजलं तर आत जोड सुटलाय असं धरून चाला. सगळ्यात जास्त लक्ष मुठीजवळ द्या, जिथं रायजरचं, म्हणजे मुठीच्या मधल्या भागाचं, लाकूड निमुळतं होत होत पट्ट्यांच्या मधे शिरतं, फट पडायची तर बऱ्याचदा तिथंच पडते. दोन्ही टोकांना दोरीच्या खाचा असतात त्या पण बघा, दोरीनं लाकूड कापत आणलंय का.

आता तुमच्या रेघा. त्यावरून नख फिरवा. नख अडकत नसेल आणि रेघा नुसत्या वरच्या पॉलिशमधे असतील तर बहुतेक वेळा ते पॉलिशच तडकलेलं असतं, जुन्या धनुष्यात ते सर्रास दिसतं, त्यानं घाबरू नका. पण नख अडकतंय, रेघ कडेवरून आतल्या थरात उतरलीय, किंवा फायबरग्लासखाली पांढरट डाग पसरलाय, असं काही दिसलं तर दोरी सुद्धा चढवू नका. फेविक्विकचे दोन थेंब सोडून चालवणारे लोक आहेत, मला ते पटत नाही, ४५ पाउंड म्हणजे वीस किलोच्या वरचा ताण तुमच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतो. अशा वेळेस मात्र ते भिंतीवरच लावा.

सगळं ठीक निघालं तर दोरी चढवा, पण स्ट्रिंगर (दोन्ही टोकांना अडकवून पायाखाली दाबायची दोरी) वापरूनच. पाय मधे घालून मांडीवर वाकवायची जी पद्धत आहे तिनं पातं पिरगळतं आणि रिकर्व्हच्या पातळ पात्याला ते लवकर लागतं. तुमचं टोकावर उभं होतं म्हणजे पीळ असायची शक्यता धराच. चढवल्यावर धनुष्य समोर धरून एका टोकाकडून बघा, दोरी दोन्ही पात्यांच्या बरोब्बर मधून गेलेली दिसली पाहिजे. जराशी बाजूला असेल तर दोरी उतरवून पातं हातानं उलट्या बाजूला हलकं पिळून थोडा वेळ धरायचं, परत चढवून बघायचं, असं सावकाश करत गेलं की बारीक पीळ निघतो. दोरी खाचेतून निसटायला लागली एवढा पीळ असला तर स्वतः हात लावू नका.

मग थेट पूर्ण ओढायचं नाही. आधी वीतभर, परत थोडं जास्त, असं कान देऊन वाढवत न्या, कट्ट असा आवाज आला की थांबा. ओढलेली दोरी बाणाशिवाय कधीच सोडायची नाही, घरातल्या पोरांना हे पहिलं सांगा, पाहुणे आल्यावर कुणीतरी हौसेनं ओढून सोडून देतं आणि धनुष्य जातं. बाण नसला की सगळा जोर पात्यातच परत जातो.

आणि ऊन. आपल्याकडं एप्रिल-मे मधे पारा ४२-४४ ला जातो, उन्हात उभ्या गाडीत तर त्याच्या कितीतरी वर. इपॉक्सी तापली की मऊ पडते आणि थर सुटतात. डिकीत, पत्र्याच्या खोलीत, माळ्यावर ठेवू नका. आतल्या भिंतीला दोन लाकडी खुंट्या ठोका, त्यावर आडवं ठेवा, दोरी उतरवून.

प्रश्न : माझ्याकडं बी असंच एक जुनं आहे, ५८ इंच, ४० पाउंड. दोरी तुटायला आली. दुकानदार म्हणतो फास्टफ्लाइट लाव, सगळ्याला चालते, बाण बी जोरात जातो. लावू का? (जालना)

उत्तर : नका लावू. बाण जोरात जातो हे खरंय, कारण ती दोरी फारशी ताणतच नाही. पण तोच झटका टोकांवर येतो आणि ज्या धनुष्याची टोकं त्या दोरीसाठी मजबूत केलेली नाहीत त्यांचं टोक फुटू शकतं. कारागिरानं स्वतः लिहून दिलेलं असेल की चालेल, तरच लावा. त्याला विचारायची सोय राहिली नाही ना, मग डेक्रॉनची, म्हणजे जराशी ताणणारी दोरी लावायची, बी-५० किंवा बी-५५. ४० पाउंडाला १२ धाग्यांची पुरते, ५० च्या आसपास १४, त्याच्या वर १६.

लांबी मागताना लोक फसतात. धनुष्यावर लिहिलेली ५८ इंच ही एएमओ लांबी, म्हणजे धनुष्य मोजायच्या ठरलेल्या पद्धतीची, प्रत्यक्ष दोरी रिकर्व्हला त्याच्यापेक्षा तीन ते चार इंच कमी भरते, म्हणजे तुम्हाला साधारण ५४ ते ५५ ची लागणार. जुनी दोरी अजून तुटली नसेल तर तीच ताणून मोजा, त्याच्यासारखा पुरावा नाही. मग मुठीच्या सगळ्यात खोल जागेपासून दोरीपर्यंत किती भरतं ते बघा, सव्वासात इंचापासून सुरू करा, दोरीला पीळ देत देत आठपर्यंत न्या, आणि प्रत्येक वेळी दोन-चार बाण मारून ऐका. एका जागेवर धनुष्य एकदम शांत होतं, हाताला झिणझिण्या येत नाहीत, तेच त्याचं माप, ते वहीत लिहून ठेवा. मेण लावत जा, आपल्या कोरड्या हवेत दोरी लवकर पिंजते.

प्रश्न : सर, माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, लातूरला क्लबमधे तिरंदाजी शिकते. ओळखीतले एकजण त्यांचं टेकडाउन (पाती सुटी होणारं) रिकर्व्ह देतायत, बंद पडलेल्या बनवणाऱ्याचं, ३८ पाउंड. म्हणतात पाती बदलून हलकी लावता येतील. किंमत बरी आहे. घ्यावं का?

उत्तर : ताई, मुलीसाठी नका घेऊ. तुम्हाला स्वतःला आवडलं असेल तर गोष्ट वेगळी.

पाती बदलता येतील का हे रायजरच्या जोडावर अवलंबून आहे. अर्ल हॉइट यांच्या डिझाइनवरून आलेला जो जोड आज आयएलएफ (इंटरनॅशनल लिंब फिटिंग) म्हणून सगळीकडं चालतो, तो असेल तर कुठल्याही कंपनीची त्याच जोडाची पाती बसतात, बनवणारा बंद झाला तरी अडत नाही. पण एकट्यानं काम करणारे बरेच कारागीर स्वतःचाच बोल्टचा आणि पिनांचा जोड ठेवतात, त्याला दुसऱ्याचं पातं बसत नाही म्हणजे नाही, आणि बसवलं तरी कोन चुकतो. हे फक्त छोट्यांचंच नाही, यामाहासारख्या कंपनीनं ऑलिंपिक दर्जाची धनुष्यं वर्षानुवर्षं केली आणि २००२ मधे ते काम बंद केलं, तेव्हापासून त्यांची पाती शोधणारे जुन्या मालावरच आहेत. त्यामुळे "हलकी लावता येतील" असं म्हणणाऱ्याला सांगा की हलकी पाती आणून दाखवा.

तेरा वर्षांच्या मुलीला सुरुवातीला १६ ते २० पाउंड बास झाले. ३८ ओढताना खांदा वर चढतो, मान वाकडी होते, आणि ती सवय पुढं कोचला मोडायला फार जड जातं. क्लबचं धनुष्य वापरू द्या, अंगात ताकद येईल तसं आयएलएफचं साधं रायजर घ्या आणि फक्त पाती बदलत जा.

स्पर्धेचं विचारलं नाहीत पण सांगून ठेवतो. रिकर्व्हची मैदानी स्पर्धा मोठ्या गटात ७० मीटरवर १२२ सेंटिमीटरच्या टार्गेटवर होते, तिथं नेम धरायची साइट, तोल सांभाळायचा स्टॅबिलायझर सगळं लागतं. लाकडी रिकर्व्ह बसू शकतं ते बेअरबोमधे (साइटशिवायच्या गटात), ते ५० मीटरवर होतं, आणि नियम असा की दोरी उतरवलेलं धनुष्य १२.२ सेंटिमीटरच्या कड्यातून पार गेलं पाहिजे. आपला इंडियन राउंड ५० आणि ३० मीटरचा, त्यात बांबूचं-लाकडाचं देशी धनुष्य असतं, फायबरग्लासचं तिथं चालणार नाही.

प्रश्न : आमच्या वावरात रानडुकरांनी हरभऱ्याचा सत्यानाश केलाय. ५० पाउंडाचं धनुष्य आहे, रात्री जागलीला नेऊ का? (हिंगोली)

उत्तर : नाही दादा. तुमचं नुकसान मोठं आहे हे कळतं, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय शिकार हा गुन्हा आहे, हत्यार कुठलंही असो. आणि रात्री अंधारात सोडलेला बाण शेजारच्या वावरात जागलीला बसलेल्या माणसाला लागला तर? पिकाचे फोटो काढा, वन विभागाकडं लगेच अर्ज द्या, पंचनामा करून घ्या, रानडुकरानं केलेल्या पीक नुकसानीला भरपाई मिळते, उशीर केला की मात्र प्रकरण अडकतं.

प्रश्न : जुन्या कस्टम रिकर्व्हला कार्बनचे बाण चालतात का? मित्र म्हणतो लाकडीच पाहिजेत. (बीड)

उत्तर : चालतात. बाण कशाचा आहे त्यापेक्षा वजन किती आहे ते महत्त्वाचं. हलका बाण म्हणजे धनुष्याच्या दृष्टीनं जवळपास बाणच नाही, वर लिहिलंय तसा जोर पात्यात परत जातो. जुन्या आणि परत न मिळणाऱ्या धनुष्याला मी पाउंडामागं ९ ग्रेनच्या खाली जाऊ देणार नाही. ४५ पाउंड असेल तर ४०५ ग्रेन, म्हणजे २६ ग्रॅमच्या थोडं वर. घरच्या काट्यावर हे नीट कळत नाही, ओळखीच्या सराफाकडं जाऊन सोन्याच्या काट्यावर बाण ठेवा, सव्वासव्वीस ग्रॅमच्या वर भरला की ठीक. बाजारातले बरेच कार्बनचे बाण १०० ग्रेनच्या टोकासह याच्या खाली भरतात, मग टोक जड लावायचं, पण टोक जड केलं की बाण जास्त लवतो, तेव्हा त्याच्या आधीच जरा कडक स्पाइनचा (कमी लवणारा) बाण घ्या.

पाउंड पण लिहिलेले धरून चालू नका. ते २८ इंचाला असतात, तुमचा हात २६ ला थांबत असेल तर इंचामागं दोन-अडीच पाउंड कमी होतात, ४५ चं तुमच्या हातात ४० होतं. सामान तोलायचा हुकाचा डिजिटल काटा दोरीला अडकवून तुमच्या ओढीपर्यंत खेचा, किलोत आलेल्याला २.२ नं गुणा.

आणि बाणाला पिसंच लावा, प्लास्टिकचे पंख नकोत. या धनुष्यांवर बाण सरळ मुठीच्या वरच्या कट्ट्यावरून निघतो, पीस त्याला घासून दबतं आणि परत उठतं, प्लास्टिक आदळून बाण बाजूला फेकतं. कट्ट्यावरचं चामडं झिजलं असेल तर नवं चिकटवा, साधं फेविकॉल एसआर चालतं, फक्त जुना गोंद चाकूनं खरवडू नका, लाकडावर ओरखडे पडतात.