अस्तित्ववाद आणि अस्सल जगणं यावर एक्सपेरिमेंटल शॉर्ट फिल्म करायचीय, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की आठ-दहा मिनिटांची फिल्म करायचीय, हातात फक्त मोबाइल आहे, एक मैत्रीण काम करायला तयार आहे, आणि व्हॉइसओव्हरमध्ये सार्त्र-काम्यू या फ्रेंच विचारवंतांची वाक्यं टाकू का. व्हॉइसओव्हरचं आधी सांगतो, नका टाकू. अर्थ कानावर पडायला लागला की माणूस डोळ्यांनी शोधणं सोडून देतो, आणि मग तुमचं चित्र त्या वाक्याच्या मागे नुसतं हलत राहतं.

स्क्रिप्टला हात घालण्याआधी एक गोष्ट स्वतःशी नक्की करा. या विषयावरच्या खूप फिल्म्स अशाच असतात, नोकरीला कंटाळलेला माणूस आरशात बघतो, राजीनामा देतो, बॅग उचलून डोंगराकडे चालायला लागतो आणि शेवटी चेहऱ्यावर ऊन. मला हे बघून खरंच वाईट वाटतं कारण सार्त्र जवळजवळ उलटं सांगतोय. आत कुठेतरी 'खरा मी' तयार होऊन बसलाय आणि तो फक्त शोधायचाय, असं तो मानतच नाही. माणूस आधी असतो, मग जे जे करतो त्यातून घडत जातो. म्हणजे डोंगराकडे निघालेला माणूससुद्धा 'मुक्त माणसाचा' रोल करत असू शकतो, आणि त्याच ऑफिसात त्याच खुर्चीत राहिलेला माणूस पूर्ण शुद्धीत, जबाबदारी घेऊन तिथे राहिलेला असू शकतो. आणि स्वतःला फसवायचे रस्तेही दोन आहेत, 'मी हा असाच, माझा काही इलाज नाही' हा एक, आणि 'परिस्थिती गेली उडत, मी काहीही होऊ शकतो' हा दुसरा. फिल्म्स पहिल्यावर तुटून पडतात आणि दुसऱ्याला टाळ्या देतात. तुम्ही असं करू नका एवढी विनंती.

मग दाखवायचं काय? अस्सलपणा सरळ शूट करता येत नाही, पण रोल निभावणं करता येतं, आणि तेही फार जवळून. सार्त्रच्या 'बीइंग अँड नथिंगनेस'मध्ये (१९४३) कॅफेतला एक वेटर येतो, त्याच्या हालचाली जरा जास्तच चपळ, जरा जास्तच नेमक्या, गिऱ्हाइकाकडे वाकणं जरा जास्तच आतुरतेचं. तो वेटर असण्याचा खेळ खेळतोय. हे 'जरा जास्त' कॅमेऱ्याला पकडता येतं, आणि माझ्या मते तुमची अर्धी फिल्म त्यातच आहे. त्याच पुस्तकात दुसरं उदाहरण आहे, कोणीतरी दाराच्या किल्लीच्या भोकातून आत बघतंय, पूर्ण गुंग होऊन, आणि पॅसेजमध्ये पावलांचा आवाज येतो. एका क्षणात बघणारा स्वतःच बघितला जाणारा होतो, शरमेने. यात डायलॉग शून्य, फक्त एक साउंड. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात इतका तयार शॉट मिळतो हे मला अजून भारी वाटतं.

मी केलेल्या फिल्ममध्ये एक बाई एकाच खोलीत बसून व्हॉइस मेसेज पाठवते, एवढंच आहे. मेसेज एकच, 'मी ठीक आहे, काळजी करू नका', आधी आईला, मग साहेबांना, मग मैत्रिणीला. शब्द जवळपास तेच पण आवाज तीन. साहेबांच्या वेळी ती बसल्या बसल्या पाठ ताठ करते, पलीकडे कोणी बघत नसताना. क्लोजअप फक्त अंगठ्याचा, रेकॉर्डच्या बटणावर दाबून धरलेला, मग डावीकडे सरकवून मेसेज रद्द, परत दाबला. चौथा मेसेज स्क्रिप्टमध्ये लिहिलाच नव्हता. अभिनेत्रीला म्हटलं की कोणाला पाठवायचा, काय बोलायचं, पाठवायचा की नाही, सगळं तुझं तू ठरव, मला आधी सांगू नको, आणि टेक एकच होईल. तिने बटण दाबून धरलं, बराच वेळ नुसता श्वास, मग तो श्वासच पाठवून दिला. असं मला टेबलावर बसून सुचलं नसतं. पण असं काही करणार असाल तर नंतर फुटेज तिला आधी दाखवा, आणि नको म्हणाली तर डिलीट करायची तयारी ठेवा, कारण तिथे ती कॅरेक्टर म्हणून नाही तर स्वतः उघडी पडलेली असते.

निवड दाखवताना दोन्ही बाजू खऱ्या वजनाच्या हव्यात, हे फार महत्त्वाचं. १९४५ च्या पॅरिसमधल्या भाषणात सार्त्रने आपल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली होती, भाऊ १९४० मध्ये जर्मन हल्ल्यात मारला गेलेला, आई याच्याच आधारावर जगणारी, आणि याला इंग्लंडला जाऊन जर्मनीविरुद्ध लढणाऱ्या फ्री फ्रेंच फौजेत भरती व्हायचंय. सार्त्रने त्याला उत्तर दिलं नाही, तू मोकळा आहेस, तूच निवड, म्हणाला. एक बाजू चूक आणि एक बरोबर असली तर ते कोडं झालं, निवड नाही.

फॉर्मचं म्हणाल तर एक्सपेरिमेंटल म्हणजे उलटेसुलटे अँगल आणि ग्लिच इफेक्ट नव्हे. माया डेरेन या फिल्ममेकर बाईने १९४३ मध्ये नवऱ्याबरोबर मिळून, १६ एमएमच्या फिल्मवर, राहत्या घरातच १४ मिनिटांची 'मेशेस ऑफ द आफ्टरनून' केली, किल्ली, सुरी, जिना, आणि तीच कृती परत परत, दरवेळी थोडी वेगळी. फ्रेंच फिल्ममेकर क्रिस मार्करची १९६२ ची २८ मिनिटांची 'ला जेते' ही फिल्म जवळपास पूर्ण स्थिर फोटोंची आहे आणि त्यात एकदाच एक बाई झोपेतून डोळे उघडते, ते मात्र हलतं. दोघांनीही एकच नियम घेतला आणि तो शेवटपर्यंत पाळला, मार्करने तर एकदाच मोडून दाखवला. तुमचाही नियम एका वाक्यात सांगता येईल असा असू द्या, उदाहरणार्थ 'निर्णय होईपर्यंत कट नाही'.

बाकी मोबाइलचं थोडक्यात, फोकस आणि एक्सपोजर लॉक करा नाहीतर लाँग टेकमध्ये उजेड आपोआप वरखाली होत राहतो, आणि मोबाइल हातात न धरता स्टँडवर ठेवा. खोलीचा रिकामा आवाज मिनिटभर वेगळा रेकॉर्ड करा, अशा फिल्ममध्ये शांतता खूप असते आणि एडिटमध्ये आवाज पूर्ण शून्यावर गेला की ती खोटी वाटते. म्युझिक शक्यतो नकोच.

पहिला कट अशा कोणाला तरी दाखवा ज्याने यातलं काही वाचलेलं नाही, आणि 'अर्थ कळला का' असं अजिबात विचारू नका. 'तिने काय ठरवलं' एवढंच विचारा. दोन माणसांनी दोन वेगळी उत्तरं ठामपणे दिली तर हात लावू नका, आणि 'ती उदास होती' असं उत्तर आलं तर निर्णयाआधीचा थांबा कुठेतरी कापला गेलाय, तो परत लांबवून बघा.